विसराळू मदतनीस आणि त्याचे टाचण

शाळेच्या ग्रंथालयात घडलेला एक लहानसा प्रसंग सांगून प्रस्तुत लेखास आरंभ करावा, असे आम्ही योजिले आहे. प्रसंग आमच्या फजितीचा आहे. परंतु ज्या विषयावर येथे चार शब्द लिहावयाचे, तो विषय आम्हांस त्या फजितीनेच शिकविला. तेव्हा ती झाकून ठेवून नुसते ज्ञान सांगत बसणे बरे दिसणार नाही.

आमच्या ग्रंथालयाची दाखल नोंदवही बरीच जुनी आहे. पुस्तक विकत आले अथवा देणगी म्हणून मिळाले की त्यास एक दाखल क्रमांक देण्यात येतो व तो वहीत आणि पुस्तकावर लिहिला जातो. पुस्तक हरवल्यास वहीतील त्या ओळीपुढे तांबड्या शाईने शेरा पडतो; ज्याच्या हातून हरवले त्याच्याकडून किंमत भरून घेतात; आणि तो क्रमांक पुन्हा कोणत्याही पुस्तकास देत नाहीत. ही वही संगणकावर उतरवावी असे गतवर्षी ठरले, तेव्हा नववीतील पाच हौशी विद्यार्थी पुढे आले. आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर. प्रोग्रॅम लिहिण्याची विद्या आमच्यापाशी नाही. पण अलीकडे या कामी एक नव्या तऱ्हेचा मदतनीस मिळतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या साधनास साध्या भाषेत काम सांगावे. ते प्रोग्रॅम लिहिते, चालवून पाहते, आणि चूक निघाल्यास पुष्कळदा स्वतःच दुरुस्त करते. असल्या एका मदतनिसाच्या साहाय्याने मुलांनी कामास हात घातला.

पहिल्या दिवशी मुलांनी त्यास वहीची सारी रीत समजावून सांगितली. त्याने ती इतक्या तत्परतेने उचलली की आम्हांस आमच्या वर्गातील काही चिरंजीवांची आठवण होऊन थोडा हेवाच वाटला. तिसऱ्या दिवशी मात्र त्याच मदतनिसाने क्रमांकांत मध्येमध्ये खंड पडलेला पाहिला आणि सर्व पुस्तकांस एकापुढे एक असे नवे क्रमांक देण्याचा घाट घातला. "सर, याला तर परवाच सगळं सांगितलं होतं!" असे एक विद्यार्थिनी उद्गारली. तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. मुलांनी काम तेथेच थांबविले म्हणून त्या दिवशी अनर्थ टळला.

परवा सांगितलेले आज ठाऊक नाही, हे असे का व्हावे? या मदतनिसाच्या अंतरंगात जे असते त्यास भाषेचे प्रतिमान म्हणतात. अफाट मजकूर पुरवून, असंख्य आकड्यांच्या रूपाने त्याची घडण केलेली असते. घडण पुरी झाली की ते आकडे गोठतात. आपण बैठकीत त्याच्याशी जे बोलतो त्याने त्यांतील एकही आकडा जागचा हलत नाही. मग तो बोलण्याचा धागा धरून कसा ठेवतो? तर आपला प्रश्न, त्याचे उत्तर, त्याने उघडलेल्या फाइली, असा सारा मजकूर दर वेळी त्याच्यापुढे मांडला जातो आणि त्यावरून तो पुढचे उत्तर रचतो. वर्गातील फळ्याची उपमा येथे चांगली लागू पडते. फळ्यावर जेवढे आहे तेवढे त्यास दिसते. तास संपला, फळा पुसला, की पुढील तासास तो कोऱ्या फळ्यापुढे उभा. एका बैठकीतून दुसऱ्या बैठकीत आपण होऊन काहीही जात नाही.

हा फळा आकारानेही मर्यादित असतो. मजकुराचे बारीक तुकडे पाडतात, त्यांस टोकन म्हणतात, आणि फळ्यावर किती टोकन मावतील हे ठरलेले असते. आपल्या देवनागरीतील एका वाक्यास त्याच अर्थाच्या इंग्रजी वाक्याहून पुष्कळदा अधिक टोकन लागतात. म्हणजे मराठी माणसाचा फळा लवकर भरतो. तो भरत आला म्हणजे काही साधने मागील संभाषणाचा गोषवारा काढून ठेवतात व मूळ मजकूर बाजूस सारतात. अशा गोषवाऱ्यात 'काय केले' हे बहुधा राहते आणि 'का केले' हे गळून जाते, असा आमचा अनुभव आहे.

मनुष्यांतही या स्थितीशी मिळतेजुळते एक उदाहरण होऊन गेले. अमेरिकेतील हेन्री मोलेझन नावाच्या तरुणावर १९५३ साली अपस्माराच्या त्रासासाठी मेंदूची शस्त्रक्रिया करण्यात आली. त्यानंतर त्याची बुद्धी शाबूत राहिली, भाषा शाबूत राहिली, बालपणीच्या पुष्कळ गोष्टीही स्मरणात राहिल्या. परंतु नवीन घडलेले त्याच्या मनात टिकेना. त्याचा अभ्यास करणाऱ्या डॉ. ब्रेंडा मिल्नर यांस तो वर्षानुवर्षे भेटत असूनही दर वेळी नव्याने भेटल्याप्रमाणे वागे. तो २००८ साली वारला. तथापि आरशात पाहून चित्र गिरविण्यासारखे हस्तकौशल्य त्याच्या हातांस सरावाने साधत असे. आमच्या मदतनिसास तेवढीही सोय नाही. तो शंभराव्या बैठकीतही पहिल्या बैठकीइतकाच नवशिका, आणि नवशिका असूनही बोलण्यात मात्र मुरलेला. घोटाळा येथेच होतो. नवा कारकून निदान बिचकतो तरी.

यावर जो उपाय रूढ झाला आहे तो इतका साधा आहे की ऐकून प्रथम आमची निराशाच झाली. कामाच्या कपाटात, म्हणजे संगणकावर ज्या जागी प्रोग्रॅमच्या फाइली असतात त्या जागी, साध्या मजकुराची आणखी एक फाइल ठेवावयाची. काम कशाचे आहे, काय ठरले, काय करू नये, हे तीत लिहावयाचे. बैठक सुरू होताच साधन ती फाइल वाचून फळ्यावर उतरवून घेते, आणि मग कामास लागते. अँथ्रोपिक कंपनीने २०२५ साली काढलेले क्लॉड कोड हे साधन 'क्लॉड डॉट एमडी' नावाची फाइल अशा रीतीने वाचते. गिटहब कोपायलट आणि कर्सर यांच्याही अशाच सूचनांच्या फाइली असतात. नावांचा हा गोंधळ कमी व्हावा म्हणून २०२५ सालीच 'एजंट्स डॉट एमडी' हे सामाईक नाव पुढे आले व अनेक साधनांनी ते स्वीकारले.

आमची मातृभाषा कोंकणी. कोंकणीत आठवणीस 'उगडास' म्हणतात आणि उघडण्यास 'उगडप'. पंडित या दोन शब्दांचे नाते काय लावावयाचे ते लावोत. या मदतनिसापुरते बोलावयाचे तर त्याचा उगडास म्हणजे वही उगडणे, याहून निराळे काही नाही. त्यास आठवत नाही, तो वाचतो. वाचलेले त्याने मनावर घ्यावे अशी अपेक्षा असते. पण फाइलीत लिहिलेले सारे तो दर वेळी पाळीलच अशी हमी कोणी देत नाही.

आम्ही शिक्षक मंडळी वर्गावर जाण्यापूर्वी पाठाचे टाचण काढतो. म्हणून मुलांनी या फाइलीस 'टाचण' हेच नाव दिले. तिसऱ्या दिवसाच्या अनुभवाने शहाणे होऊन त्यांनी तीत पहिले कलम लिहिले: दाखल क्रमांक बदलू नये. कलम स्पष्ट होते, मदतनीस ते दररोज वाचत होता, आणि आम्ही निर्धास्त होतो.

पुढील महिन्यात चाळीस नवी पुस्तके आली. मदतनिसाने त्यांची नोंद केली. कोणत्याही जुन्या पुस्तकाचा क्रमांक त्याने बदलला नाही. हुकूम त्याने तंतोतंत पाळला. फक्त हरवलेल्या पुस्तकांचे जे क्रमांक रिकामे दिसत होते, ते त्याने नव्या पुस्तकांस देऊन टाकले. नवे पुस्तक त्या क्रमांकावर चढताच 'हरवले, किंमत भरली' हा जुना शेरा पुसला गेला, आणि त्याखालची उसनवारीची नोंद पुन्हा उघडी पडली. ही गोष्ट कोणाच्याच ध्यानी आली नाही. वर्षअखेर एक विद्यार्थी शाळा सोडल्याचा दाखला मागावयास आला, तेव्हा त्याच्या नावे एक पुस्तक येणे निघाले. दोन वर्षांपूर्वी त्याने त्या पुस्तकाची किंमत भरली होती. पावती घरी सापडेना. "सर, मी पैसे भरले आहेत," एवढेच तो पुन्हापुन्हा म्हणत राहिला, आणि यंत्राच्या पडद्यावर स्वच्छ अक्षरांत तो खोटा ठरत होता. खोटे कशाला सांगावे, क्षणभर आम्हांसही पडद्याचेच म्हणणे खरे वाटले. ग्रंथपालबाईंनी कपाटातून जुनी वही काढली. तांबड्या शाईचा शेरा व भरपाईची तारीख जागच्या जागी होती. त्या विद्यार्थ्यास दाखला दुसऱ्या दिवशी मिळाला. त्याची क्षमा आम्ही मागितली. पण त्या दुपारी त्याचा चेहरा कसा झाला होता, ते आम्हांस कोणत्याही टाचणावाचून आठवते.

चूक कोठे झाली, याचा विचार करताना आम्हांस रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र आठवले. हा ग्रंथ १७१५-१६ च्या सुमारास, कोल्हापूरकर संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत लिहिला गेला. शिवकालापासूनचा कारभार पाहिलेल्या अमात्यांनी पुढील पिढीच्या कारभाऱ्यांसाठी राज्यनीतीचे टाचणच त्यात काढून ठेवले आहे, असे म्हटले तरी चालेल. त्यात आरमाराच्या प्रकरणी लाकडाविषयी एक प्रसिद्ध आज्ञा आहे. जहाजांस लाकूड लागते. सागवानादी झाडे हुजुरांची परवानगी घेऊन राज्यातील अरण्यांतून तोडावी, अधिक लागल्यास बाहेरून खरेदी करावी. आंबा, फणस यांचेही लाकूड आरमाराच्या उपयोगाचे असते, परंतु त्यांस हात लावू देऊ नये. येथवर ती केवळ आज्ञा झाली. अमात्य तेथे थांबत नाहीत. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, ती तोडल्यास तिच्या दुःखास पार राहणार नाही, असे कारण ते देतात. आणि एखादे झाड फारच जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर धन्यास राजी करून, मोबदला देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे, अशी वाटही दाखवितात.

आम्ही मूळचे किनाऱ्याकडचे. परसातल्या फणसाची किंमत आम्हांस सांगावयास नको. परंतु येथे पाहावयाचे ते निराळे आहे. 'आंबा-फणस तोडू नये' एवढेच लिहिले असते तर हुकमाचा बंदा कारकून परसातील माड तोडून मोकळा झाला असता, कारण माडाचे नाव हुकमात नाही. आणि वठलेला आंबा घरावर कलला तरी तो त्यास हात लावता ना. कारण लिहिले असल्यामुळे, लिहिणाऱ्यास न सुचलेल्या प्रसंगीही वाचणाऱ्यास निर्णय करता येतो. आमच्या पहिल्या कलमात नेमके हेच नव्हते. मुलांनी ते पुढीलप्रमाणे पालटले: दाखल क्रमांक बदलू नये व पुन्हा वापरू नये. हरवलेल्या पुस्तकाचा क्रमांक रिकामा नसतो. त्याच्यामागे कोणीतरी भरलेल्या पैशांची नोंद असते. नव्या पुस्तकास नेहमी शेवटच्या क्रमांकापुढील क्रमांक द्यावा. शंका आल्यास थांबून विचारावे.

हे कलम लिहिल्यापासून तसा घोटाळा झालेला नाही. मध्यंतरी फाटून निकामी झालेली पुस्तके रद्द करण्याचे काम निघाले. रद्द पुस्तकांविषयी टाचणात अवाक्षरही नव्हते. तरी मदतनिसाने त्यांचे क्रमांक तसेच राखावे काय, असे आपण होऊन विचारले.

शब्दांचाही एक लहान कोश टाचणात घालावा लागला. एका बैठकीत 'दाखल क्रमांक' म्हणून जो रकाना होता, त्याच्याच शेजारी दुसऱ्या बैठकीत 'नोंद क्रमांक' असा नवा रकाना उभा राहिला होता. अर्धी पुस्तके एका रकान्यात, अर्धी दुसऱ्यात. राज्यकारभाराची भाषा एक असावी म्हणून शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश रचला गेला. ग्रंथालयाच्या कारभारास अकरा शब्द पुरले.

आता कोणी विचारील, इतकी काटकसर कशाला? सर्व बैठकींचे सर्व संभाषण जपून ठेवावे आणि दर वेळी ते सारे मदतनिसापुढे मांडावे. याचे उत्तर आपल्या इंदूरच्या सराफ्यात कोणत्याही जुन्या पेढीवर मिळेल. पेढीवर जसजसा व्यवहार होईल तसतसा तो रोजकीर्दीत चढतो. पण अमक्या असामीकडे येणे किती, हे पाहावयाचे तर कोणी वर्षाची कीर्द चाळीत बसत नाही. त्यासाठी खतावणी निराळी राखतात, आणि तीत त्या त्या खात्यापुरता मजकूर उतरवितात. संभाषणाची जपणूक ही कीर्द होय. टाचण ही खतावणी होय. कीर्द असावीच, कारण वाद पडल्यास शेवटी तिकडेच धाव घ्यावी लागते. परंतु ती फळ्यावर मावत नाही, आणि मावली तरी गर्दीत मुद्दा हरवतो. लांबलचक मजकुराच्या आरंभी व शेवटी असलेल्या गोष्टी प्रतिमानांस चांगल्या सापडतात, मधल्या मात्र निसटतात, असे २०२३ साली संशोधकांनी दाखवून दिले होते. नंतरची प्रतिमाने या बाबतीत सुधारली आहेत. तरी आमचे टाचण दोन पानांहून मोठे होऊ द्यावयाचे नाही, हा दंडक आम्ही मोडलेला नाही.

मोठ्या कामांत दोन पाने पुरत नाहीत, हेही खरे. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. तेथून निवड करून रियासतकार सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे सामान्य अभ्यासकास त्या अरण्यात पायवाट सापडली. संगणकावर ही निवड करण्याची एक युक्ती अशी: प्रत्येक टिपणाच्या अर्थाचे आकड्यांच्या ओळीत रूपांतर करून ठेवावयाचे, प्रश्न आला की त्याचीही तशीच ओळ करून जिची ओळ जवळची तेवढीच टिपणे फळ्यावर आणावयाची. युक्ती उपयोगाची आहे. पण तीत एक खोच आहे. 'क्रमांक अमुक रीतीने द्यावे' हा जुना ठराव आणि 'तो ठराव रद्द' हे नवे टिपण, दोन्ही एकाच विषयाची असल्याने अर्थाने शेजारी-शेजारीच येतात. जवळिकीवरून कोणते जिवंत व कोणते मेलेले हे कळत नाही. म्हणून ठराव फिरला की जुने कलम खोडावे, नुसते खाली नवे लिहू नये. मग जुने ठराव समूळ नाहीसे होतात काय? नाही. लायनस टॉरव्हाल्डस यांनी २००५ साली रचलेली गिट नावाची व्यवस्था फाइलीचा प्रत्येक बदल, कोणी केला, केव्हा केला, यासह जपून ठेवते. आमचे टाचणही गिटमध्ये आहे. बदल करताना त्याचे कारण एका ओळीत लिहावे लागते, आणि ते लिहिण्याचा मुलांस जितका कंटाळा येतो तितकाच आम्हांसही येतो.

विस्मरणाहून वाईट एक गोष्ट असते, ती म्हणजे खोटे स्मरण. काही साधने आपले टिपण आपणच लिहून ठेवतात. आमच्या मदतनिसाने एकदा वहीच्या पहिल्या दोनशे ओळी पाहून, 'या ग्रंथालयातील सर्व पुस्तके मराठी आहेत' असे टिपण करून ठेवले. आमच्याकडे हिंदीचे अख्खे कपाट आहे. परंतु लिहून ठेवलेले म्हणून पुढल्या बैठकीत त्याने तेच प्रमाण मानले, आणि प्रेमचंदांच्या कादंबऱ्या मराठीच्या यादीत जाऊन बसल्या. तेव्हापासून मदतनिसाने लिहिलेले टिपण माणसाने वाचल्यावाचून टाचणात घ्यावयाचे नाही, आणि प्रत्येक कलमापुढे तारीख व आधार लिहावयाचा: वहीवरून, ग्रंथपालबाईंच्या सांगण्यावरून, की नुसत्या अंदाजावरून. अंदाजाची कलमे सध्या तीन आहेत.

याहून धोक्याची गोष्ट अशी की बाहेरचा माणूसही या स्मरणात विष कालवू शकतो. संभाषणाची आठवण ठेवणाऱ्या एका प्रसिद्ध साधनास एखादे फसवे पान वाचावयास दिले, तर त्यातील छुपी आज्ञा त्याच्या कायमच्या आठवणीत जाऊन बसते व पुढील सर्व संभाषणांत आपला प्रभाव दाखविते, हे २०२४ साली एका सुरक्षा-संशोधकाने करून दाखविले होते. म्हणून टाचणात कोण लिहितो यावर पहारा असावा. तसेच संकेतशब्द, विद्यार्थ्यांची नावे, कोणाकडे किती येणे आहे, यांपैकी काहीही टाचणात नसावे. कारण टाचणात जे जाते ते दर बैठकीस बाहेरच्या यंत्रापुढे वाचले जाते. ज्या विद्यार्थ्याच्या दाखल्यावरून ही सारी खटपट उद्भवली, त्याचे नाव आमच्या टाचणात नाही. त्याच्या प्रसंगातून निघालेले कलम तेवढे आहे.

ती पाच मुले आता दहावीत गेली असून परीक्षेच्या तयारीस लागली आहेत. ग्रंथालयाचे काम यंदा नववीच्या नव्या तुकडीकडे आले. या मुलांनी ना तो तिसरा दिवस पाहिला, ना ती दाखल्याची दुपार. मदतनीस तर जन्माचाच नवा. पहिल्या बैठकीपूर्वी आम्ही टाचण त्या मुलांकडून मोठ्याने वाचून घेतले. सातव्या कलमापाशी एक मुलगा थांबला. 'बांधलेल्या जुन्या मासिकांस दाखल क्रमांक देऊ नये,' एवढेच तेथे लिहिले होते. "का, सर?" त्याने विचारले. आम्हांस सांगता येईना. कलम आमच्याच हातचे होते. कारण ग्रंथपालबाईंस ठाऊक असणार. त्या सोमवारी रजेवरून येतील तेव्हा विचारून लिहावयाचे, म्हणून त्या मुलाने कलमापुढे तांबड्या अक्षरांत प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे.